विधवेचा तंबू

मी एके काळी मंगोल बायकांवर प्रबंध लिहीत होते, हे इथे परदेशात, टाकानिनी नावाच्या उपनगरात, कोणाला सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "पण का?" या प्रश्नाला माझ्याकडे कधीच धड उत्तर नव्हतं. पुण्यात एम.ए. करताना तेराव्या शतकातल्या त्या साम्राज्याबद्दल वाचायला घेतलं, आणि घोडे नि लढाया यांच्या मागून गाड्या हाकत येणाऱ्या बायका दिसायला लागल्या. तंबू त्या उभारत, त्याच मोडत, त्याच गाड्यांवर चढवत. मोठ्या घरच्या माणसाला चार बायका असतील तर चार तंबू, चार चुली, चार कळप, आणि नवरा आज इथे तर उद्या तिथे, म्हणजे खरं पाहिलं तर सगळीकडे पाहुणाच. मला हे भारी आवडलं. मी तेव्हा सासरी दोन खोल्यांत पाच माणसांबरोबर राहत होते, म्हणूनही आवडलं असेल.

प्रबंध अर्धा राहिला. नवऱ्याला इकडे इंजिनिअरची नोकरी लागली, मुलगी दोन वर्षांची होती, आणि टिपणांच्या दोन फायली तेवढ्या बॅगेत तळाला घालून मी आणल्या. आता मी एका शाळेच्या लायब्ररीत काम करते. मुलं पुस्तकं कमी मागतात, चार्जर जास्त.

त्या टिपणांत एका युरोपी पाद्र्याने पाहिलेली एक गोष्ट होती. तो मंगोल तंबूत गेला तेव्हा मालकाच्या बैठकीच्या वर, भिंतीला, दाबून बनवलेल्या लोकरीची एक बाहुली टांगलेली होती. आपल्या बुरणुसाच्या कापडाची म्हणा. तिला ते लोक मालकाचा भाऊ म्हणत. मालकिणीच्या डोक्यावर दुसरी बाहुली असे, तो मालकिणीचा भाऊ. घराची राखण करायला दोघं भिंतीवरून बघत असायचे. मी समासात पेन्सिलने 'मजेशीर' असं लिहून ठेवलं होतं. सव्वीस वर्षांच्या मुलीला बरंच काही मजेशीर वाटतं.

नवरा गेला तो एका मंगळवारी सकाळी, साइटवरच्या केबिनमध्ये, चहाचा कप हातात असताना. सेहेचाळीस वर्षांचा होता. मला शाळेत फोन आला तेव्हा मी पुस्तकांच्या पाठीवर स्टिकर चिकटवत होते, आणि फोनवरची बाई इतक्या जपून बोलत होती की ती काय सांगणार ते मला तिच्या दुसऱ्या वाक्यालाच कळलं. पुढचं सगळं मराठी मंडळातल्या लोकांनी केलं. मी एकच गोष्ट ठरवली, दिरासाठी थांबायचं. व्हिसा, विमान धरून त्यांना पुण्याहून यायला पाच दिवस लागले. क्रिमेटोरियममध्ये बटण दाबायला भाऊच हवा, असं मीच सगळ्यांना ठणकावून सांगितलं. मुलगी तेव्हा चौदाची होती. तिने विचारलं, "व्हाय नॉट मी?" मी म्हटलं, "काका येतोय ना." तिला त्रास नको, एवढाच माझा विचार होता.

दीर नवऱ्याहून दोन वर्षांनी लहान आणि माझ्याहून वर्षाने मोठे. आयटीत होते, घटस्फोट झालेला, मूलबाळ नाही. माणूस वाईट नाही. हे आत्ताच लिहून टाकते, कारण पुढचं वाचताना कोणालाही तसं वाटेल. मलाही वाटत होतं, आणि तसं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

ते महिन्यासाठी आले होते, मग व्हिसा वाढवत आणि पुण्याचं काम लॅपटॉपवरून करत राहिले. पहिल्या महिन्यात त्यांनी लॉन कापलं, गटर साफ केलं, नवऱ्याची बँक, विमा, फोन सगळीकडे कळवून टाकलं. दुसऱ्या महिन्यात मुलीला नेटबॉलला नेऊ-आणू लागले. दारात नवऱ्याच्या बुटांच्या जागी त्यांचे जॅण्डल्स, म्हणजे रबरी सपाता, दिसायला लागले, आणि ते तिथून हलवावेत असं रोज वाटूनही मी हलवले नाहीत. दोघा भावांचा आवाज अगदी सारखा. एकदा मुलीने बाथरूममधून अर्धवट झोपेत "बाबा, टॉवेल" अशी हाक मारली, आणि हॉलमधून दिरांनी "ओ" दिली. मी कुकर लावला.

तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की मुलीच्या शाळेचे ईमेल मला यायचे थांबलेत. चौकशी केली तर शाळेच्या यादीत पहिलं नाव त्यांचं लागलेलं. मी विचारलं, "भावजी, हे कधी बदललंत?"

"तुमच्यावरचा ताण कमी व्हावा म्हणून, वहिनी. तुम्हाला नको असेल तर परत बदलतो."

ते खरंच लगेच लॅपटॉप उघडून बसले. इतक्या समजूतदार माणसाशी भांडायचं कसं? "राहू दे," म्हणाले मी. माझ्या आयुष्यातली अर्धी दुखणी या दोन शब्दांनी ओढवून घेतलेली आहेत.

मार्चमध्ये मंडळाच्या महिलांचा कार्यक्रम होता, हिल्सबरोच्या हॉलमध्ये. मला घराबाहेर काढायचं म्हणून त्यांनी भाषण करायला बोलावलं, विषय माझ्यावर सोडला. मी फायली काढल्या. कित्येक वर्षांनी त्या कागदांचा वास आला आणि दोन-तीन दिवस मला बरं वाटलं. हॉलमध्ये पैठण्या, वर पफर जॅकेटं, मागे टेबलावर वड्या आणि इथला क्रीमवाला गोड पाव्हलोव्हा. दिरांनीच आम्हाला गाडीतून नेलं होतं, ते शेवटच्या रांगेत बसले. मुलगी त्यांच्या शेजारी, कानात इअरफोन.

मी चांगली बोलले. मंगोल बाई घोड्यावर बसायची, व्यापाऱ्यांशी सौदे ठरवायची, नवरा मोहिमेवर असला की सगळा तळ चालवायची, हे सांगितलं. नवरा मेल्यावर पुढचा राजा निवडेपर्यंत राज्याचा कारभार त्याच्या राणीकडे यायचा, आणि एकीने तर अख्खं साम्राज्य वर्षानुवर्षं असं चालवलं, हेही सांगितलं. बायका खूश झाल्या. मग मी त्यांची दुसरी रीत सांगितली. विधवा बाई नवऱ्याच्या घराबाहेर जात नसे. परलोकात ती पुन्हा त्याच नवऱ्याची होणार, अशी त्यांची समजूत. तोवर इथे तिला नवऱ्याचा धाकटा भाऊ करून घेई, नाहीतर दुसऱ्या बायकोचा मोठा मुलगा.

"म्हणजे तिला कोणी विचारतच नव्हतं?" पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं.

इथे मी चुकले. वर्गात उत्तर द्यावं तसं मी उत्तर दिलं. म्हणाले, "आपल्या चष्म्यातून बघू नका. त्या माळावर एकट्या बाईला हिवाळा काढणं अशक्य होतं. दिराशी लग्न लागलं की तिचा तंबू, जनावरं, मुलं, सगळं तिच्यापाशीच राहायचं. ती तिची सोय होती."

मग एका विधवेची गोष्ट सांगितली, माझी आवडती. तिला सम्राटाने स्वतःच्या मुलाशी लग्न कर असा निरोप पाठवला. सम्राटाला नाही म्हणायची कोणाची छाती? ती म्हणाली, हुकूम मोडायची माझी काय बिशाद, पण माझ्या मनात आता एवढंच आहे की ही मुलं मोठी व्हावीत. तिला पुन्हा कोणी विचारलं नाही, आणि पुढे त्याच मुलांकडे साम्राज्य आलं. टाळ्या पडल्या. त्या दुसरीचा, साम्राज्य चालवणारीचा, शेवट मी गाळला. तिने स्वतः माणसं जोडून जोडून आपल्या मुलाला गादीवर बसवलं. मुलगा बसला आणि आईचा कारभार तिथेच संपला. तिच्या विश्वासातल्या बाईवर चेटकाचा आळ आला, तिला लोकरीच्या कापडात गुंडाळून नदीत टाकलं. आई स्वतः काही महिन्यांत गेली. पाव्हलोव्हाच्या आधी हे सांगायची गरज नाही असं मला वाटलं.

परत येताना मोटरवेवर दीर म्हणाले, "वहिनी, छान बोललात. ती सोय म्हणालात ना, ते मला पटलं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. मागच्या सीटवर मुलगी होती, तिच्या कानात इअरफोन होते, म्हणून मला जरा हायसं वाटलं.

पुढच्या रविवारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. नेहमीसारखं जेवणखाण झालं, गुडघे झाले, मग म्हणाल्या, "तुला राग येईल, पण बोलते. तू एकटी, तोही एकटा. पोरीला बाप हवा. परका माणूस आणण्यापेक्षा घरातला काय वाईट?"

मला ऐकू आलं नाही असं दाखवायला मी फोन जरा हलवला.

"अगं, तूच सगळ्यांसमोर म्हणालीस म्हणे, ती बाईची सोय असते."

माझं वाक्य हिल्सबरोहून पुण्याला जाऊन आठ दिवसांत माझ्याच स्वयंपाकघरात परत आलं होतं. दीर समोर सिंकपाशी भांडी विसळत होते, आमच्याकडे पाठ करून, आणि नळ बंद होता.

मला राग आला होता, पण रागापेक्षा मला माझ्या हुशारीवर जास्त भरवसा होता. मी त्या विधवेचंच उत्तर दिलं. म्हणाले, "आई, तुमचा शब्द मोडायची माझी इच्छा नाही. पण पोरगी मार्गाला लागेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. तिच्यासाठीच जगतेय मी आता." सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीचं नाव घेतल्यावर आजी काय बोलणार? डायनिंग टेबलवर मुलगी गणितं करत होती. तिने मान वर केली नाही.

त्या दिवसानंतर दिरांनी मला वहिनी म्हणणं सोडलं. दुसरंही काही म्हणेनात. समोर येऊन उभे राहायचे आणि मी बघेपर्यंत थांबायचे. मी लायब्ररीतून उशिरा निघू लागले, वाटेत डेअरीत थांबून न लागणारं दूध घ्यायची. फ्रिजमध्ये दुधाच्या तीन-तीन बाटल्या साठल्या. घरात शिरल्यावर पहिल्यांदा मी दारातले जॅण्डल्स बघायची. आणि ते मात्र पूर्वीसारखेच. भाजी चिरून ठेवलेली, गाडीत पेट्रोल भरलेलं, मुलीचा प्रोजेक्ट प्रिंट केलेला. ती दोघं सोफ्यावर बसून काहीतरी हळू बोलत असायची आणि मी आले की विषय बदलायचा. मुलगी माझ्याशी इंग्रजीत बोलते, त्यांच्याशी मात्र तिने मोडकंतोडकं मराठी बोलायला सुरुवात केली होती. मला ते आवडायला हवं होतं.

जूनमध्ये त्यांना पोरिरुआला नोकरी लागली. मी मनातल्या मनात देवापुढे साखर ठेवली. जवळपास सहाशे किलोमीटर लांब. जेवताना त्यांनी सांगितलं, घर बघितलंय, आई सहा महिन्यांच्या व्हिसावर येतेय. मग माझ्या ताटाकडे बघत म्हणाले, "हिलाही घेऊन जावं म्हणतो. पुढच्या टर्मपासून. तिथली शाळा बघितलीय मी, चांगली आहे."

"तिचं काय ते मी ठरवेन," मी म्हणाले. बरेच दिवसांनी माझा आवाज मला माझा वाटला.

ते उठले, खोलीत गेले आणि एक कागद घेऊन आले. माझ्यापुढे न आपटता, नीट माझ्याकडे फिरवून ठेवला. "दादाने मला तिचा गार्डियन केलंय. तुम्ही शेजारीच बसला होतात ना त्या दिवशी?"

बसले होते. टाकानिनीचं हे घर घेतलं तेव्हा वकीलबाईंनी सुचवलं म्हणून आम्ही दोघांनी मृत्युपत्रं केली. त्यांनी विचारलं, मुलीसाठी गार्डियन म्हणून कोणाचं नाव घालायचं? नवरा म्हणाला, "माझा भाऊ, दुसरं कोण?" मी मान डोलावली. लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांची नावं घालतात तसंच आम्ही ते घातलं, मान म्हणून. नाव घातलं नाही तर भावाला काय वाटेल, हीच आमची काळजी. आमच्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी घराने मृत्युपत्रात असाच कोणी काका घातलेला आहे, मी नंतर विचारून पाहिलं. वकीलबाई पुढे काहीतरी समजावत होत्या, पण पार्किंगची वेळ संपत आली होती. आणि आम्हाला वाटलं, दोघंही गेलो तरच त्या नावाचा उपयोग.

तसं नव्हतं. मी सुट्टी काढून त्याच वकीलबाईंकडे गेले. त्यांनी पुन्हा सगळं समजावलं, या वेळी मी ऐकलं. इथल्या कायद्यात बाप गेला की त्याने मृत्युपत्रात नेमलेला माणूस त्याच दिवसापासून गार्डियन होतो, आई जिवंत असली तरी, आईच्या बरोबरीने. मूल आईजवळच राहतं, रोजचं आईच बघते. पण शाळा कोणती, राहायचं कुठे, असल्या मोठ्या निर्णयांत त्याचा शब्द असतो. म्हणजे बटण दाबायच्या पाच दिवस आधीपासूनच ते माझ्या बरोबरीला बसलेले होते, आणि मला ते आठ महिन्यांनी कळत होतं. भिंतीवरचा मालकाचा भाऊ मीच मान डोलावून टांगून घेतला होता. मी एवढी शिकलेली, याच विषयावर शिकलेली, आणि मला दिसलं नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी वकीलबाईंना टिश्यू नको म्हणाले आणि ओढणीला नाक पुसलं.

"आणि दोघांचं पटलं नाही तर?" मी विचारलं.

"तर फॅमिली कोर्ट. पण मुलगी पंधराची आहे. तिला काय हवंय ते विचारतील, आणि तिच्या म्हणण्याला वजन असेल."

एवढं ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मुलीला विचारणार. मग काय, मी जिंकलेच होते.

पुढचे तीन आठवडे मी लढले. दिरांना सांगितलं, कोर्टात भेटू. जॅण्डल्स उचलून गॅरेजमध्ये नेऊन टाकले. शाळेच्या यादीत माझं नाव पहिलं करून घेतलं. सासूबाईंना फोन करून म्हणाले की माझी मुलगी माझ्यापासून तोडायचं पाप करू नका, तिच्याशिवाय मला कोण आहे? मंडळातल्या मैत्रिणींना सांगितलं, मी फक्त तिच्यासाठी उभी आहे. हे सगळं मी घरातच, मोठ्याने बोलत होते. दिरांनी उलट उत्तर एकदाही दिलं नाही. फक्त एकदा, गॅरेजमधून जॅण्डल्स शोधून आणताना, म्हणाले, "तुम्ही तिच्याशी बोललात का?"

"माझ्या मुलीशी काय बोलायचं ते तुम्ही मला शिकवू नका," मी म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर मला दया दिसली, आणि तिची मला चीड आली. त्या दिवसापासून मात्र घरात काहीतरी बिनसल्यासारखं वाटायला लागलं. मुलगी गरजेपेक्षा गोड वागत होती. स्वतःचे पोहायचे टॉग्ज स्वतः धुवायची, डिशवॉशर रिकामा करायची, मला मिठी मारायची आणि जरा जास्त वेळ धरून ठेवायची. तिच्या खोलीतली एक भिंत रिकामी झाली होती. मी विचारलं तर म्हणाली, "जस्ट टायडिंग." मी खूश झाले. इतकी माझी नजर दिरांवर लागलेली होती.

जुलैच्या सुट्टीत, एका शनिवारी दुपारी, दीर गाडी घेऊन कुठेतरी गेले होते. बाहेर वाऱ्याने नवीन घरांच्या कुंपणांचे पत्रे वाजत होते. मुलगी खाली आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आई, दोन मिनिटं बस. फोन ठेव."

तिच्या हातात कागद होता. पोरिरुआच्या शाळेचा फॉर्म. खाली दोन गार्डियनच्या सह्यांची जागा, एक सही झालेली.

मी म्हणाले, "काकाने दिला ना? घाबरू नकोस. कोर्टात तुला विचारणार आहेत. तू फक्त खरं सांग."

"काकाने नाही दिला. मी प्रिंट केला, लायब्ररीत." ती सावकाश मराठीत बोलत होती, शब्द आधी पाठ केलेले असावेत. "पोरिरुआचं त्याने नाही काढलं. मी त्याला आस्क केलं. तो नको म्हणत होता. म्हणाला, आधी आईला सांग. मी म्हटलं, मला नाही जमणार, तू सांग."

ज्या माणसावर मी तीन आठवडे तुटून पडले होते त्याने एकदाही तिचं नाव पुढे केलं नव्हतं.

"का?" मी विचारलं.

"तू आजीला सांगितलंस, माझ्यामुळे लग्न नाही. मावशींना सांगितलंस, माझ्यासाठी उभी आहेस. जॉब माझ्यासाठी, घर माझ्यासाठी. एव्हरीथिंग." तिने कागद टेबलावर ठेवला. "तुला काकाशी लग्न नव्हतं करायचं तर नाही म्हणायचं. जस्ट नो. माझं नाव का घेतलंस? मला भीती वाटते गं. मी अठराची झाले, पंचविसची झाले, तरी तू माझ्यासाठीच असशील. मला इथे श्वास नाही येत."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. खोटं कशाला लिहू? पंधरा वर्षं एकदम डोक्यात आली, ताप, दप्तरं, डबे, तिच्या बापाच्या अस्थी घेऊन येताना मांडीवर धरलेला तिचा हात. मी म्हणाले, "आणि मी इथे काय करू? एकटी?"

"आय डोन्ट नो, आई," ती म्हणाली. "मला नाही माहीत. ते मी नाही ठरवायचं."

ती रडत नव्हती. तिच्याकडे बघताना मला पहिल्यांदा तिची भीती वाटली. इतकी वर्षं हिला मोठं करायचं म्हणून मी सगळ्यांना दारात थोपवून धरलं, आणि मोठी झाल्यावर ती कोणाविरुद्ध उभी राहील हा विचार मला एकदाही शिवला नव्हता. कोर्टात जायचं कशाला? तिला विचारणार, आणि ती हेच सांगणार, अनोळखी माणसांसमोर, आणखी चांगल्या इंग्रजीत. दिरांनी माझ्याकडून काही घेतलं नव्हतं. ती स्वतःच्या पायांनी चालली होती.

मी पेन मागितलं. तिने ते आधीच आणलं होतं. मी सही केली, माझं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट.

तिने कागद उचलला, ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला, आणि पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

"तारीख राहिली, आई," ती म्हणाली.